आधी ऐका, मग ऐकवा : डीजे मिक्सरमधल्या अठरा गोष्टी

महाराष्ट्रात 'डीजे' हा शब्द सरकत सरकत माणसावरून वस्तूवर येऊन बसला आहे. 'डीजे कुठवर आला?' असं कुणी विचारलं की डोळ्यांपुढे उभी राहते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. तबकड्या लावणारा मूळचा 'डिस्क जॉकी' त्या भिंतीमागे झाकून गेला, आणि त्याच्या हाताखालचं खोकं तर कुणाच्या गावीही नसतं. पण दोन गाण्यांची गाठ बांधली जाते ती त्या खोक्यात. नॉब, सरकणारे फेडर, लुकलुकणारे दिवे आणि हेडफोनचं एक भोक, एवढाच त्याचा संसार. या संसाराच्या या अठरा गोष्टी. काही इतिहासातल्या, काही वर्कशॉपमधल्या, काही थेट कानाशी भिडणाऱ्या.

१. चर्चच्या वेदीवर तबकड्या

न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या जर्मन बाप्टिस्ट चर्चच्या इमारतीत 'सँक्चुअरी' नावाचा क्लब होता. १९७०च्या आसपास तिथे फ्रान्सिस ग्रासो तबकड्या वाजवायचा, तेही वेदीच्या जागेवरून. त्याची करामत अशी : तबकडीखाली फेल्टची गुळगुळीत चकती असे. खालची थाळी फिरत राही आणि वरची तबकडी तो बोटाने अडवून धरी. नेमक्या ठोक्याला बोट उचललं की गाणं अचूक वेळेवर सुरू. पण हे साधायला पुढचं गाणं आधी स्वतःला ऐकू यायला हवं. मिक्सरचा जन्म या गरजेतून झाला.

२. तिचं नाव रोझी

ती गरज भागवली ॲलेक्स रॉसनर या ध्वनी अभियंत्याने. बालपणी नाझी छळछावण्यांमधून वाचलेला हा माणूस पुढे न्यूयॉर्कच्या क्लबांना आवाज देणारा कारागीर झाला. १९७१मध्ये 'हेवन' क्लबसाठी त्याने ग्रासोला एक स्टिरिओ मिक्सर हाताने बनवून दिला. रंग लाल, म्हणून नाव पडलं 'रोझी'. दोन तबकड्यांपैकी हवी ती लोकांच्या नकळत हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय तिच्यात होती. आजच्या प्रत्येक मिक्सरवर असलेलं 'क्यू' बटण तिचाच वारस.

३. फेडर नसलेला राजा

याच सुमारास अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या रूडी बोझॅकच्या कंपनीने सीएमए-१०-२डीएल हा मिक्सर बाजारात आणला. बोझॅकचं नाव त्याआधी गाजलं होतं ते स्पीकरसाठी. या मिक्सरवर सरकणारं काहीच नव्हतं, सगळे गोल नॉब. न्यूयॉर्कच्या 'पॅराडाइज गराज'मध्ये लॅरी लेव्हनने असाच नॉबवाला मिक्सर वाजवून रात्री जागवल्या. नॉब हळू फिरतो, म्हणून गाणंही दुसऱ्या गाण्यात हळूहळू विरघळतं. अजूनही काही डीजे हट्टाने नॉबवालाच मिक्सर घेतात, त्यामागचं कारण हे.

४. एक खटका आणि थोडा डिंक

ब्राँक्समधला जोसेफ सॅडलर व्यवसाय शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. मिक्सरमध्ये पुढचं गाणं आधी ऐकायची सोय हवी होती आणि तसा मिक्सर विकत घेण्याइतके पैसे नव्हते. त्याने सुट्या भागांच्या दुकानातून दोन्ही बाजूंना पडणारा एक खटका आणला, तारा जोडल्या आणि तो मिक्सरवर चक्क चिकटवून टाकला. खटका इकडे पाडला की डावी तबकडी हेडफोनमध्ये, तिकडे पाडला की उजवी. या जुगाडाला त्याने नाव दिलं 'पीक-अ-बू', म्हणजे तान्ह्या बाळाशी खेळतात तो कुकूऽऽचा खेळ! जग त्या मुलाला ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून ओळखतं.

५. आई दार ठोठावते तेव्हा

ब्राँक्समधलाच थिओडोर लिव्हिंगस्टन. १९७५च्या सुमारास हा मुलगा घरात मोठ्याने गाणी वाजवत होता. आई दाराशी आली आणि आवाज कमी कर म्हणून दटावू लागली. तिचं बोलणं ऐकताना त्याने तबकडी हाताने धरून ठेवली, आणि ती नकळत पुढेमागे हलत राहिली. हेडफोनमध्ये 'चिक्की-चिक्की' असा आवाज उमटला. तो आवाज त्याने घोटून घोटून कला केला. स्क्रॅचिंगच्या जन्माची ही कथा ग्रँड विझर्ड थिओडोर स्वतः सांगतो. आईच्या रागातून निघालेला हा आवाज त्याने सगळ्यात आधी हेडफोनमध्ये ऐकला होता, हे मला फार आवडतं.

६. अंधारात पसरलेला आवाज

१३ जुलै १९७७च्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली आणि शहरभर दुकानं फुटली. ग्रँडमास्टर कॅझने पुढे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं, की त्या रात्री त्याने दुकानातून एक मिक्सर उचलून आणला होता. त्या अंधारानंतर ब्राँक्समध्ये नव्या डीजेंचे गट एकदम वाढले, असं त्या पिढीतले अनेक जण सांगतात. चोरीचं समर्थन नाही. पण ज्या वस्तीत हातात पैसा नव्हता, तिथे एका मिक्सरची केवढी भूक होती, हे त्यातून कळतं.

७. अणुबॉम्ब, ब्लॅक बॉक्स आणि फेडर

सरकणाऱ्या फेडरची खानदानी ओळख चकित करणारी आहे. रेकॉर्डिंग स्टुडिओत गोल नॉब काढून सरळ सरकणारे फेडर रुळवण्याचं श्रेय अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाउडला देतात. कारण साधं : नॉब एका हाताने एकच फिरतो, फेडर मात्र दहा बोटांनी एकदम अनेक हलतात, जणू पेटीच्या पट्ट्या. हाच डाउड तरुणपणी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम करत होता. फेडरसाठी नावाजलेली ब्रिटनची पेनी अँड जाइल्स ही कंपनी विमानांचे फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्सही बनवायची.

८. उंदरासारखा उलटा

अनेक मिक्सरवर 'हॅमस्टर' नावाचा खटका असतो. तो टाकला की क्रॉसफेडरच्या, म्हणजे दोन गाण्यांमध्ये ये-जा करणाऱ्या आडव्या फेडरच्या, दिशा उलटतात, म्हणजे डावीकडे उजवं गाणं आणि उजवीकडे डावं. हॅमस्टर म्हणजे गालात दाणे साठवणारा तो पाळीव, उंदरासारखा प्राणी. पण खटक्याचं नाव आलं अमेरिकेतल्या 'बुलेट प्रूफ स्क्रॅच हॅमस्टर्स' या डीजेंच्या चमूवरून. त्यांनी वायरी चुकून उलट्या जोडल्या, उलट्याच हाताला सवय झाली आणि काही स्क्रॅच तसेच सोपे जातात असं लक्षात आलं. आज कंपन्या ती चूक कारखान्यातूनच बसवून देतात.

९. ज्या फेडरमधून गाणं जातच नाही

जुन्या क्रॉसफेडरमध्ये गाण्याचा विद्युतप्रवाह थेट पट्टीवरून जायचा. आत कार्बनचा लेप दिलेली पट्टी असते आणि तिच्यावर धातूची बारीक जीभ घासत जाते. लेप झिजला, धूळ बसली, की जीभ अडखळते आणि गाण्यात खरखर येते. यावरची युक्ती सुंदर आहे : फेडरने फक्त एक स्थिर व्होल्टेज कमी-जास्त करायचं आणि गाण्याचा आवाज ते व्होल्टेज पाहून दुसऱ्याच सर्किटने वरखाली करायचा. फेडर हुकूम देतो, वाटेवरून चालतं दुसरंच कुणी. त्याही पुढे जाऊन चुंबकाने किंवा प्रकाशाने जागा ओळखणारे फेडर निघाले. त्यांत घासण्याजोगं काही उरलंच नाही.

१०. गुलाल, धूर आणि सरबत

फेडरच्या फटीला झाकण नसतं आणि आपल्याकडे हवेत काय काय उडतं! मिरवणुकीतला बारीक गुलाल दमट हवेत चिकटून गाळ होतो. धुराच्या यंत्रातल्या द्रवात ग्लायकोल असतं, त्याचा तेलकट थर भागांवर बसतो. सरबत किंवा कोल्ड्रिंक सांडलं तर साखर वाळून फेडर जागीच घट्ट बसतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची खारी हवा पिना गंजवते. म्हणून चार सवयी पाळाव्यात. मिक्सर धुराच्या यंत्रापासून लांब ठेवा. पेला टेबलावर नको, खाली ठेवा. काम थांबलं की लगेच झाकण घाला. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि एसी खोलीतून दमट बाहेर आणलेला मिक्सर लगेच चालू करू नका, आत दव धरतं. ते सुकायला वेळ द्या.

११. फेडरची आंघोळ

खरखर आली की अनेक जण फटीतूनच फवारा मारतात. त्याने वरची घाण आत वाहून जाते. बरोबर क्रम असा : आधी प्लग काढा. फेडरची टोपी सरळ वर ओढली की निघते. वरची पट्टी उघडली की क्रॉसफेडर बहुधा दोन स्क्रू आणि एका कनेक्टरवर बसलेला दिसतो. तो बाहेर काढा, हवेच्या फुंकरीने धूळ उडवा. मग कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासाच मारून फेडर वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. पूर्ण सुकू द्या, मगच बसवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल घाण काढतं, पण सोबत आतलं वंगणही धुऊन नेतं. नंतर फेडर जड चालायला लागला तर फेडरचंच वंगण लावा. दाराच्या बिजागरीला मारतात ते तेल इथे वर्ज्य, त्याच्या थरावर धूळ आणखी चिकटते.

१२. ए की बी?

फेडर किंवा नॉबचा पॉट, म्हणजे रोध कमी-जास्त करणारा आतला भाग, बदलायची वेळ आली, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी जुन्या पॉटवरचा शिक्का वाचा. 'बी१०के' किंवा 'ए१०के' असं काहीतरी लिहिलेलं असतं. '१०के' म्हणजे दहा हजार ओहम. अक्षर सांगतं ती चाल. आताच्या बहुतेक पॉटवर 'बी'चा अर्थ एकसारखी वाढ आणि 'ए'चा अर्थ कानाच्या स्वभावाने वाढ. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून 'ए'च्या जागी 'बी' बसवला तर व्हॉल्यूम सुरुवातीलाच एकदम उसळतो आणि पुढे फिरवून फरकच जाणवत नाही.

१३. मच्छराचा आवाज, सिंहाची गर्जना

मिक्सरच्या मागे 'फोनो' आणि 'लाइन' अशी दोन प्रकारची भोकं असतात. तबकडीच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. फोनोचं सर्किट तो सुमारे शंभरपट करतं. शिवाय आणखी एक काम करतं. तबकडी कापताना जाड आवाज मुद्दाम दाबलेला आणि बारीक आवाज चढवलेला असतो, नाहीतर बासच्या रुंद खाचांनी तबकडी लवकर भरून गेली असती. फोनो ते गणित उलटं करून मूळ आवाज परत आणतं. हे माप १९५४पासून रुळलेलं आहे. म्हणून तबकडी 'लाइन'ला जोडली तर मच्छर गुणगुणल्यासारखं ऐकू येतं, आणि सीडी प्लेअर 'फोनो'ला जोडला तर फाटकी गर्जना. जोडण्याआधी भोकावरचं नाव वाचायला दोन सेकंद पुरतात.

१४. गुणगुण कोणत्या पट्टीत?

गाणं नसतानाही स्पीकरमधून 'हुंऽऽ' येतं, ती विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून तिचा मूळ स्वर ५० हर्ट्झचा. पेटीच्या भाषेत ती खर्जातली पांढरी पाच, पण किंचित चढी, कारण खरी पांढरी पाच तिथे ४९ हर्ट्झची असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध पडते, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही! उपाय : तबकडीयंत्राची अर्थची बारीक तार मिक्सरच्या स्क्रूला घट्ट बांधा. मिक्सर, लॅपटॉप, ॲम्प यांना वीज एकाच बोर्डावरून द्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे भेटतात. तसं कधीही करू नका. ती पिन जीव वाचवते.

१५. एकच गाणं, सुलट आणि उलट

मिक्सरकडून ॲम्पकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या केबलमध्ये एक जादू आहे. एका तारेतून गाणं सुलट जातं, दुसरीतून तेच गाणं उलटं, तिसरी अर्थ. वाटेत जनरेटरचा किंवा दिव्यांचा गोंगाट घुसला तर तो दोन्ही तारांत सारखाच घुसतो. पलीकडे उलटं गाणं पुन्हा सुलट करून मिळवलं की गाणं दुणावतं आणि गोंगाट एकमेकांना खोडून टाकतो. म्हणून लांबच्या पल्ल्याला हीच केबल वापरावी. हेडफोनची जाड पिन मात्र त्याहून कितीतरी जुनी. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बोर्डात खुपसायच्या त्या पिनेचीच ती वंशज.

१६. लाल दिवा आणि दोन बास

मीटरचा लाल दिवा लागला की अनेकांना वाटतं, आता रंग भरला. खरं म्हणजे तेव्हा आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जात असतो. कापलेल्या लाटेत तीक्ष्ण सूर वाढतात, सरासरी शक्तीही वाढते आणि बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची कॉइल तापून जळते. आधी गेनचा, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारा, नॉब लावा, गाण्याचा सगळ्यात जोरकस भाग वाजवून पाहा, मीटर लालच्या खाली ठेवा. मगच फेडर आणि शेवटी मास्टर, म्हणजे बाहेर जाणारा एकूण आवाज. दोन गाणी एकत्र येतात तेव्हा बास एकाच गाण्याचा ठेवा. दोन्हींचे ठोके एकावर एक पडले तर मीटर उसळतो, विरुद्ध पडले तर एकमेकांना गिळतात. जुन्याचा बास उतरवत नव्याचा चढवणं, हीच ती गाठ.

चालू-बंदचा क्रमही ध्यानात असू द्या. चालू करताना मिक्सर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना ॲम्प आधी, मिक्सर शेवटी. क्रम चुकला की 'धप्प' असा धक्का थेट स्पीकरच्या पडद्यावर बसतो.

१७. हणजुणेची टेप आणि मिक्सर नाकारणारा

गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या मैफलींत तबकड्या फारशा टिकत नसत. उन्हाने त्या वाकत, वाळूने चरे पडत. म्हणून गोवा गिलसारखे डीजे कॅसेट आणि पुढे डॅट टेप वापरू लागले. त्या यंत्रांत गाण्याचा वेग कमी-जास्त करता येत नसे, म्हणजे ठोक्याला ठोका जुळवणं अवघड. मग संगीतानेच वाट काढली. गोवा ट्रान्सच्या गाण्यांना ठोका नसलेली लांबलचक सुरुवात आणि तसाच शेवट आला. एक गाणं धूसर होत असताना दुसरं अलगद वर येई. सामानाच्या मर्यादेने एका संगीतप्रकाराला आकार दिला!

न्यूयॉर्कच्या डेव्हिड मँकुसोने तर आणखी वेगळी वाट धरली. १९७०पासून त्याच्या 'लॉफ्ट'मधल्या मैफली गाजत होत्या. पुढे त्याने मिक्सरच काढून टाकला. मधलं एक यंत्र कमी म्हणजे आवाज तेवढा शुद्ध, असं त्याचं मत होतं. तो प्रत्येक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू देई, आणि लोक नाचत. मिक्सरचं काम काय, हे त्याला नाकारणाऱ्यानेही ऐकूनच ठरवलं होतं.

१८. कान बदलून मिळत नाही

फेडर झिजला तर नवा मिळतो. कानाच्या आतल्या ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचं माप सोपं आहे : ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. दर ३ डेसिबलला ध्वनीची शक्ती दुप्पट होते, हे त्यामागचं कारण. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. स्पीकरच्या त्या भिंतीसमोर आजीही उभी असते आणि खांद्यावरचं बाळही. मास्टरच्या नॉबवर ज्याचं बोट, त्यांचे कान त्याच्या हवाली.

डीजेने स्वतःसाठीही दोन गोष्टी कराव्यात. इअरप्लग वापरावेत, आणि जवळ छोटा मॉनिटर स्पीकर ठेवावा. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मुख्य स्पीकर ३४ मीटर दूर असेल तर ठोका तुमच्यापर्यंत शंभर मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ही ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याची चूक. त्या दूरच्या आवाजावर जुळवलेली गाठ सैलच बसते, आणि मग हेडफोनचा आवाज चढवत चढवत कानांची परीक्षा सुरू होते.

मिरवणूक संपली, गुलाल पुसला, वायरी गुंडाळल्या, की झाकण घालण्याआधी एक शेवटची तपासणी करा. ॲम्प बंद असू द्या. हेडफोन लावा आणि एकच सलग, संथ सूर चालू करा. तानपुऱ्याचा आवाज यासाठी उत्तम. हेडफोन मास्टरवर ठेवून एकेक फेडर अगदी हळू वर न्या, हळू खाली आणा. कुठे तुटतो का, कुठे खरखरतो का, डावा-उजवा कान सारखा भरतो का, ते ऐका. पाच मिनिटं पुरतात. दिवसभर हजारोंना ऐकवणारं ते खोकं या पाच मिनिटांत एकट्या तुमच्यासाठी वाजतं आणि त्याला कुठे दुखतं आहे ते सांगतं. रोझीच्या त्या पहिल्या हेडफोनपासून हे काम बदललेलं नाही.